बटईची कोंबडी

भादवा लागला की अमरावतीत कागद जड होतो. चौतीस वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली, तेव्हा हे बोटांना कळायला लागलं. मे महिन्यात पान उलटताना जो कोरडा, कुरकुरीत आवाज येतो तो भादव्यात येत नाही; पान नुसतं सरकतं. पुठ्ठे किंचित फुगतात, बांधणीतल्या खळीला वास सुटतो. बाहेर आभाळ उघडलेलं असतं, पाऊस आठ-आठ दिवस दडी मारून बसतो आणि काळ्या मातीतून वाफ वर येत राहते. सकाळी नऊला सदरा पाठीला चिकटतो. मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो. काडेपेटीच्या तीन-चार काड्या वाया जातात तेव्हा कुठे गॅस पेटतो. वऱ्हाडातला मे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचे आकडे वर्तमानपत्रात येतात. हा ओला उन्हाळा मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. तो आमचा आम्ही सोसतो.

यंदाही परवापासून तो आला आहे. मी सकाळीच खुर्ची घेऊन मागच्या अंगणात बसतो. अकरा वाजले की कोंबड्या चोची उघडतात. पंख अंगापासून जरासे दूर धरतात, काखेत काही झालेलं माणूस हात धरतं तसे. गळ्याखालचं कातडं भराभर हलत असतं. घाम येण्याची सोय त्यांच्या अंगाला नाही. जी काही उष्णता बाहेर टाकायची ती या उघड्या चोचीतून. हवा आधीच भिजलेली असली की तीही वाट बुजते. हे सगळं मला आता माहीत आहे. ज्या वर्षी माहीत असायला हवं होतं त्या वर्षी माहीत नव्हतं.

ते वर्ष सुजाता गेल्याचं.

सुजाता माझी बायको. परिचारिका होती. फाल्गुनात, दीड महिन्याच्या आजारपणानंतर ती गेली. तिच्याबद्दल लिहायला बसलो की माझं वाक्य दोन ओळींत संपतं, म्हणून मी तिच्याबद्दल सरळ लिहीत नाही. एवढंच सांगतो, की तिला मागच्या अंगणात कोंबड्या पाळायच्या होत्या आणि मी दरवर्षी काहीतरी कारण काढत असे. वास येईल. मांजरं येतील. पहाटे आरवतील, माझं वाचन मोडेल. ती म्हणायची, "तुम्ही वाचता तेव्हा घरात कोणीतरी आवाज केला पाहिजे हो. नाहीतर मला वाटतं मी पण पुस्तकातच राहाते." मी हसत असे. त्या फाल्गुनानंतर घरात आवाज करणारं कुणी उरलं नाही, आणि वाचनही झालं नाही.

तिची आई अंजनगाव सुर्जीच्या पुढे, आठ-नऊ किलोमीटरवरच्या गावात राहतात. घरात सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, मीही. एकट्याच असतात. दोन खोल्या, समोर निंबाचं झाड, मागे कोंबड्या. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, तेवढ्या काळात बाई आमच्याकडे कितीदा तरी आल्या असतील, पण मुक्कामाला राहिल्या त्या दोनदाच: एकदा पल्लवीच्या जन्माच्या वेळी आणि एकदा सुजाताच्या शेवटच्या आठवड्यात. एरवी यायच्या, लेकीच्या हातचा चहा प्यायच्या, पिशवीतली बोरं किंवा तुरीच्या शेंगा ओट्यावर ओतायच्या आणि उठायच्या. जावयाच्या घरी पाय पसरून बसू नये, हे त्यांच्या अंगात भिनलेलं.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी भंतेजी गेले, पाहुणे पांगले. विहारातल्या बायकांनी भांडी घासून पालथी घातली. बाई दारात चपला शोधत होत्या. मी म्हणालो, "बाई, येत जा." त्यांनी चपलेत पाय घातला, पदर सारखा केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आता मी कोनाच्या घरी येऊ?"

त्यात तक्रार नव्हती. खरंच विचारलं होतं. जिच्या घरी त्या येत होत्या ती गेली होती आणि उरलेल्या माणसाशी त्यांचं नातं कोणत्या नावानं चालू ठेवायचं, हे त्यांना कळत नव्हतं. मलाही कळलं नाही. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. पुढे चैत्र गेला, वैशाख गेला. दोघांकडेही फोन होते, आणि फोन करायला कारण नव्हतं.

जेठातल्या एका सकाळी फाटक वाजलं. पाहतो तो बाई. एका हातात कापडी पिशवी, तिच्यातून कोंबडीचं डोकं बाहेर; दुसऱ्या हातात ज्वारीनं भरलेला डबा.

"बाई, फोन तरी करायचा."

"फोन केला असता तं तुमी नाई म्हनले असते."

"आणि हे काय?"

"कोंबडी. चश्म्याचा नंबर वाढला वाटते तुमचा." पिशवी त्यांनी सावलीत ठेवली. "कंडक्टर म्हने, आजी, कोंबडीचं अर्धं तिकीट लागते. मी म्हनलं, मंग तिले सीट दे बाप्पा, खिडकीपाशी. चूपच बसला."

कोंबडी तांबूस होती आणि तिच्या मानेवर एकही पीस नव्हतं. लालभडक, सोललेली मान. मी जरा मागे सरकलो. "हिला काही रोग आहे का?"

"रोग नाई, मॉडेलच तसं हाय. मान उघडी असली का उकाडा कमी लागते तिले." मग डब्यातल्या ज्वारीत हात घालून त्यांनी एकेक अंडं बाहेर काढलं. अकरा अंडी, ज्वारीत दडवून, एसटीच्या धक्क्यांतून सांभाळून आणलेली. "हे खुडूक बसली हाय. पन अंड्यायले लगेच नोका ठेवू तिच्याखाली. झटके खाऊन आले ते. आजच्या दिवस आराम करू द्या त्यायले."

मी म्हणालो, "बाई, मला जमायचं नाही. मी आयुष्यात कोंबडी हातात धरलेली नाही."

"तुमाले कुठं अंड्यावर बसाले सांगून राहिली मी? ते बसन. तुमी नुसतं पाहा. पाहाचं काम तं येते ना?"

नंतर चहा पिताना त्यांनी खरी गोष्ट काढली. "फुकट नाई देऊन राहिली मी. हे बटईनं हाय."

बटई म्हणजे वाट्यानं. जमीन एकाची, कसणार दुसरा, पीक निम्मं-निम्मं. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावात कोंबडीही अशीच देतात. कोंबडी देणाऱ्याची, राखण घेणाऱ्याची. पिलं मोठी झाली की देणाऱ्यानं यायचं, समोरासमोर बसून वाटणी करायची आणि आपली मूळ कोंबडी परत न्यायची. बाई म्हणाल्या, "वर्षावास संपला का वाटनी करू. अश्विन पोर्निमेले. मले येनंच लागंन तेवासाठी." हे शेवटचं वाक्य त्या कपाकडे पाहून बोलल्या.

तेव्हा मला समजलं की त्या फाल्गुनातल्या प्रश्नाचं उत्तर शोधून आल्या आहेत. येण्याला कारण हवं होतं. ते त्यांनी पिशवीत घालून आणलं होतं.

*

खुडूक कोंबडीइतकं शांत काही मी पाहिलेलं नाही. ग्रंथालयातही नाही. जिन्याखालच्या कोपऱ्यात, बांबूच्या जुन्या डालग्यात ती बसली ती बसलीच. दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, धुळीत अंग घोळायची आणि घाईघाईनं परत. मी शेजारी पाट टाकून बसे. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच घरात माझ्याखेरीज कुणीतरी श्वास घेत होतं. अधूनमधून ती चोचीनं अंडी उलटी-सुलटी करी, तेव्हा कवचाला कवच लागून बारीक आवाज येई.

पुस्तकी माणूस असल्यामुळे मी तीन पुस्तकं मिळवली. त्यातली दोन थंड मुलखातल्या अनुभवावरून लिहिलेली होती, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. मी टाचणं काढली. बाईंना फोन करायला आता कारण होतं, मी फोनवर सांगत असे, "पुस्तकात एकवीस दिवस दिले आहेत."

"हो का? कोंबडीनं वाचलं का ते?"

कोंबडीनं ते वाचलं असावं. एकविसाव्या दिवशी सकाळी डालग्यातून चिवचिव आली. अकरातली नऊ निघाली. ओली, घाणेरडी, डोळे मिटलेली. आणि दुपारपर्यंत तीच पिलं कापसाच्या बोंडासारखी फुलून आली. मी अकोल्याला पल्लवीला फोन लावला. पल्लवी आमची मुलगी, तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मी फोन पिलांजवळ धरला. तिनं चिवचिव ऐकून घेतली. मग म्हणाली, "बाबा, आईला दाखवायला पाहिजे होतं." मी हो म्हणालो. त्या दिवशी आम्ही दोघांनी पहिल्यांदा तिचा विषय न चुकवता फोन ठेवला.

विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन सुरू झालं होतं. बरीच वर्षं मी वाचत असे. त्या वर्षी मी नको म्हटलं आणि मागे भिंतीला टेकून ऐकत बसे. घरी यायची ओढ लागायची, ती मात्र नवी होती. आल्यावर दिवा लावायचा, दाराआडून पाहायचं. आई पंख पसरून बसलेली, आणि पंखांखालून नऊपैकी दोन-तीन डोकी बाहेर.

श्रावणात पिलं डालग्यात मावेनाशी झाली. मी गवंडी बोलावून खुराडं बांधून घेतलं. तीन बाजूंनी विटा, वर टिनाचा पत्रा, पुढे जाळीचं दार आणि पक्की कडी. मुंगूस येतं हे ऐकून होतो. आत लाकडाचा भुसा पसरला. अगदी देखणं काम झालं. पुस्तकातल्या आकृतीशी मी ते ताडून पाहिलं आणि समाधान वाटलं. पाऊस चालू होता, हवा बरी होती. काही बिघडलं नाही.

मग भादवा आला.

पाऊस थांबला. सोयाबीन पिवळं पडायला लागलं, कपाशीला फुलं आली, आणि ती वाफ सुरू झाली. दुपारी खुराड्यात डोकावलो तर नऊच्या नऊ पिलं चोची उघडून धापा टाकत होती. सुजाताचं घड्याळ मी खिशात बाळगत असे. कुणाचंही मनगट हातात आलं की ती त्याच घड्याळाकडे पाहायची. ते काढून मी एका पिलाचे श्वास मोजायचा प्रयत्न केला. शंभराच्या पुढे माझी मोजणी चुकायला लागली.

आणि मग मी तेच केलं जे वऱ्हाडातला कुठलाही माणूस उकाड्यात करतो. कुलर लावला.

आमचं आयुष्यच कुलरवर निघालेलं. होळी झाली की ताट्या बदलायच्या, टाकीत पाणी भरायचं, आणि जूनपर्यंत त्या गारव्यात जगायचं. थंडावा म्हणजे कुलर, यापलीकडे डोकं चालत नाही. मी पडवीतला जुना लोखंडी कुलर ओढत अंगणात नेला, खुराड्याच्या जाळीच्या दाराला लावला, नव्या गवताच्या ताट्या बसवल्या, पाणी भरलं. वारा सुटताच पिलं पुढे आली. त्यांची पिसं मागे उडायला लागली. मला इतकं बरं वाटलं, की घरात जाऊन आडवा झालो आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा गाढ झोपलो.

चार वाजता उठलो. खुराड्यातला भुसा भिजून गोळा झाला होता. विटांना पाणी सुटलं होतं. आतून नाकाला झोंबणारा वास येत होता. दोन पिलं मागच्या भिंतीशी माना लांब करून पडली होती. बाकीची उभी राहण्याच्याही स्थितीत नव्हती. आईही चोच उघडून एका कोपऱ्यात. मी आधी कुलर बंद केला, मग दार उघडलं, मग एकेकाला बाहेर आणून अंगणातल्या निंबाच्या सावलीत ठेवलं. सात हलली. दोन हलली नाहीत.

याची लाज मला अजून वाटते, आणि त्या लाजेला कारण आहे. ग्रंथालयात दर आषाढात मीच शिपायाला सांगत असे, वाचनकक्षातला कुलर बंद कर, पुस्तकांना बुरशी धरते. ओल्या हवेत कुलर आणखी ओल ओततो, गारवा देत नाही, हे मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना सांगत होतो. कागदाची ओल मला कळत होती. जिवंत पाखराची कळली नाही.

संध्याकाळी पल्लवीला सांगितलं. ती शिक्षिका आहे, तिनं शांतपणे समजावलं, "बाबा, हवा कोरडी असली तरच पाणी उडतं आणि गार होतं. आता हवेत जागाच नाही." मग म्हणाली, "आजीला सांगितलं?"

"नाही."

"सांगा. तिची पण आहेत ना ती."

मी तीन दिवस सांगितलं नाही. फोन हातात घेई आणि खाली ठेवी. दोन पिलांचा शोक तीन दिवस पुरत नाही, हे मलाही कळत होतं. पण बाईंनी आयुष्यात दोनदा मला काही सांभाळायला दिलं होतं. पहिल्या वेळेबद्दल त्या मला कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या आता बोलतील, असं मला वाटत होतं. आणि बोलल्या नाहीत तर आश्विनात येऊन आपली कोंबडी घेऊन जातील आणि परत यायच्या नाहीत, असंही वाटत होतं.

चौथ्या दिवशी फोन केला.

"बाई, दोन पिलं गेली."

"कायनं?"

"उकाड्यानं. म्हणजे, मी कुलर लावला होता."

"पाखरायले?"

"हो."

"भादव्यात?"

"हो."

"बाकीचे कसे हायेत?"

"बसून असतात. खात नाहीत फारसं."

"उद्या येऊन राहिली मी," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आल्या त्या सरळ मागच्या अंगणात. चपला काढल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. खुराड्याभोवती एक फेरी मारली, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जवाईबापू, हे खुराडं हाय का तुरुंग?"

"मुंगूस येतं म्हणून..."

"मुंगूस राती येते. उकाडा दिवसभर हाय. भिंतीत वारा शिरन कुठून? का त्यालेबी कडी वाजवा लागते?"

त्यांनीच मला कामाला लावलं. वस्तीच्या टोकाला म्हशीवाले आहेत, त्यांच्याकडून गेल्या साली साठवलेल्या तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, चार भारे आणले. समोरासमोरच्या दोन भिंती पाडल्या. ज्या विटा रचायला गवंड्याला दोन दिवस लागले होते, त्या आम्ही दोघांनी एका सकाळी उतरवल्या. त्या जागी खाली जाळी आणि तिच्या बाहेरून तुराट्यांचा कुड, बोटभर फटी ठेवून. पत्र्यावर मळणीनंतर उरलेलं काडीचं कुटार पसरलं, वर जुनं पोतं टाकलं. ओला भुसा काढून फेकला, खाली राख टाकली, कोरडं कुटार अंथरलं. पाण्याचं मातीचं भांडं सावलीत. दाणे सकाळी उजाडताना आणि ऊन उतरल्यावर. दुपारी काही नाही. "जेवल्यावर तुमाले बी गरम होते का नाई? तसंच हाय त्यायचं," बाई म्हणाल्या. मी वहीत लिहून घ्यायला गेलो तेव्हा हसल्या. "लिवा, लिवा. पुस्तक छापा. पन पुस्तकात कोंबडी धापा टाकत नाई, ध्यानात ठेवा."

दुपारी तीनला तुराट्यांच्या फटींतून वारा आला. फार नाही; पिसं हलतील एवढाच. एका पिलानं चोच मिटली. मग दुसऱ्यानं.

त्या दिवशी बाई राहिल्या. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्याही. पिलं सावरेपर्यंत, असं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही दोघं मागे बसलो होतो. बाई कण्या पाखडत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, माझ्याच्यानं सांभाळणं झालं नाही."

सूप थांबलं. "पाखरायची गोठ करून राहिले का पोरीची?"

मी पिलांकडे पाहत राहिलो.

"पोरीची असंन, तं ते माह्याबी हातात नव्हती. डॉक्टरच्याबी नव्हती. तुमी रातंदिवस बसले होते तिच्यापाशी, पाह्यलं मी." मग सूप पुन्हा हलायला लागलं. "पाखरायची असंन, तं ते मात्र तुमच्यानंच मेले. कुलर लावते का कोनी?"

मला हसू आलं. बाईंनाही आलं असावं. त्यांनी मान खाली घातली होती. हसता हसता माझे डोळे भरून आले. त्यांनी पाहिलं आणि मूठभर कण्या पिलांपुढे टाकल्या. पिलं धावली.

*

आता इतक्या वर्षांनी मी नव्या माणसाला सहज सांगतो. आमच्या हवेत कोंबड्या पाळायच्या तर आधी वाऱ्याचा विचार करा, मग सावलीचा, मग दाण्याचा. जागा कोरडी ठेवा. सहाच्या जागेत दहा कोंबू नका. उघड्या मानेच्या मिळाल्या तर घ्या. लोक ऐकतात, मान डोलावतात, आणि त्यातला एखादा हमखास विचारतो, कुलर लावला तर? मी त्याच्यावर चिडत नाही.

त्या वर्षी आश्विन पौर्णिमेला सकाळी बाई आल्या. विहारात जाऊन आम्ही वंदना केली, खीरदान झालं, घरी आलो. आश्विनातलं ऊन तापलं होतं, पण हवा कोरडी झाली होती. वर्तमानपत्राचं पान पुन्हा वाजायला लागलं होतं. पिलं पिलं उरली नव्हती. चार तलंगा, म्हणजे अजून अंडी न दिलेल्या तरण्या कोंबड्या, आणि तीन कोंबडे, त्यातल्या एकानं नुकताच चिरक्या आवाजात आरवण्याचा सराव सुरू केला होता.

बाईंनी अंगणात दोन डालगी मांडली, एक त्यांचं, एक माझं. मूळ कोंबडी सुतळीनं पाय बांधून त्यांच्या पिशवीपाशी. निवड राखणाऱ्यानं आधी करायची असते. मी एक तलंग उचलली, त्यांनी एक. मी एक कोंबडा, त्यांनी एक. त्यांच्या हातात पाखरू कसं गप्प राही, माझ्या हातात कसं फडफडे. मी उरलेला कोंबडा घेतला, तो आरवणारा. त्यांनी एक पांढरी तलंग घेतली. तीन माझ्या डालग्यात, तीन त्यांच्या.

मधे एक राहिली. राखाडी, आईसारखीच उघड्या मानेची.

"हिचं काय करायचं?" मी विचारलं.

"कराचं काय? उरलेली कापाची असते. राखनाऱ्याच्या घरी रांधाची, दोघायनं बसून खाची. वर्षावास बी संपला, आता खाले हरकत नाई." त्या उठल्या, पदर खोचला. "हिशोब साफ होते. बटई संपते. सुरी कुठं ठेवता तुमी?"

त्यांचा आवाज रोजचाच होता. पण त्या जागच्या हलल्या नव्हत्या. सुरी स्वयंपाकघरात त्यांच्या लेकीनं जिथे ठेवली होती तिथेच होती आणि हे त्यांना ठाऊक होतं.

मी मितभाषी माणूस आहे. फाल्गुनात दारात मला जे सुचलं नव्हतं ते मला अजूनही नीट सुचलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "बाई, हिशोब साफ नका करू."

"म्हंजे?"

"ही राहू द्या."

"मंग हे कोनाची?"

"दोघांची."

"अशी रीत नाई, जवाईबापू."

"नसेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे इतका वेळ सरळ पाहिलं. मग वाकून त्यांनी ती राखाडी तलंग उचलली, काखेत धरली, पंख पसरून पाहिला, शेपटीखालच्या हाडांत दोन बोटं घालून अंदाज घेतला. तलंग निमूट होती.

"ईले अंडं द्याले माघ उजाडन," त्या म्हणाल्या. "पह्यलं अंडं बारीक राह्यते. ते खाऊन नोका टाकू एकटेच. मी येतो पाहाले."

आणि तलंग त्यांनी खाली सोडली.